दिवा फिरवा, बाई

मुनीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुनीरलाच शिव्या लिहीत होते. मोबाइलवर. ही काय एखाद्या गेलेल्या माणसावरच्या लेखाची सुरुवात झाली, असं तुम्हाला वाटेल. पण खोटं कशाला लिहू? पुढच्या मंगळवारी यकृताची एक मोठी शस्त्रक्रिया ठरली होती. पेशंट येऊन दाखल झाली होती, रक्ताची सोय झाली होती, आणि आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर मुनीर मला निरोप पाठवून शुक्रवारच्या नमाजासाठी बायकोला घेऊन उदगीरला, आपल्या जुन्या घरी, निघून गेले होते : 'सेन्सर आल्याबिगर मी भूल देणार न्हाई. केस पुढं ढकला, बाई.' माझं डोकंच फिरलं. मी लिहायला घेतलं, 'मुनीर, तू डॉक्टर आहेस का हट्टी म्हातारा? त्या बाईच्या पोटात केवढी गाठ आहे ते तूच बघितलंस ना? तुझ्या एका चिकटपट्टीपायी तिनं अजून किती...' आणि तेवढ्यात त्याचाच नंबर वाजायला लागला. म्हटलं बरं झालं, तोंडानंच सांगते. 'बोल रे!' मी ओरडलेच. पलीकडे त्याची बायको होती. भाभी रडत नव्हत्या. 'बाई, डॉक्टरसाब गुजर गये,' एवढंच म्हणाल्या. मशिदीतून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत मान कलली होती... ते अर्धवट लिहिलेलं अजून माझ्या फोनमध्ये तसंच आहे. पाठवता येत नाही आणि पुसवत नाही.

आम्ही दोघं नांदेडच्या मेडिकलच्या एकाच बॅचचे. मी अहमदपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, तो उदगीरच्या सायकल दुकानवाल्याचा मुलगा. पुढे मी सर्जन झाले, तो भूलतज्ज्ञ झाला, आणि नांदेडच्या एका खासगी इस्पितळात टेबलाच्या दोन बाजूंना आमचा जन्म गेला : मी पोटाकडे, तो डोक्याकडे, मध्ये हिरवा पडदा. एका बॅचचे असूनही मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला अहो-जाहो. 'बाई' म्हणायचा. कॉलेजात असताना ते चिडवणं होतं, नंतर सवय झाली, आणि शेवटी-शेवटी तर 'बाई' म्हटलं की पुढं काहीतरी अडवणूक येणार हे मला कळायचं. 'बाई, जरा थांबा.' 'बाई, एक विचारू?' 'बाई, हे काय करून राहिला तुम्ही?' चांगलं काही सांगायचं असलं तर तो 'बाई' म्हणायचाच नाही, गप बसायचा.

हा माणूस असा का झाला, ते सांगायचं तर भूकंपापासून सांगावं लागेल. आम्ही तेव्हा इंटर्न होतो. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट आमच्या भागातल्या कुणाला सांगायला नको. दिवस उजाडल्यावर आम्हाला ट्रकमध्ये घालून किल्लारीकडच्या एका गावात नेलं. पाऊस लागलेला, दगडमातीची घरं बसलेली, आणि आमच्या हातात पट्ट्या, सलाइन आणि इंजेक्शनं. एका पडक्या भिंतीखाली एक शाळामास्तर अडकलेले होते. कमरेपासून वर मोकळे, दोन्ही पाय दगडांखाली. चांगले बोलत होते हो! मुनीरनं त्यांना बशीतून चहा पाजला. 'लई गोड केला का रे,' असंही म्हणाले ते. त्यांची म्हैस कुठं आहे, कुणी सोडली का, हे चारदा विचारलं. दुपारी जवान आले, गावकरी आले, सगळ्यांनी मिळून पहारी लावल्या आणि दगड बाजूला केले. लोकांनी काय आरडाओरडा केला! एवढ्या मरणात एक माणूस जिवंत काढला होता. मास्तरांना बाजेवर ठेवलं, मुनीर त्यांची नाडी धरून बसला... आणि बोलता बोलता मास्तर गेले. नाडी त्याच्या बोटाखालीच थांबली.

परतीच्या ट्रकमध्ये कोणीच बोलत नव्हतं. मुनीर एकटा बडबडत होता. 'दगुड होता तवर जित्ता होता. दगुड काढला अन् गेला. मग मारलं कुणी, बाई? आपणच का?' मी त्याला गप केलं. नंतर आमच्या सरांनी समजावून सांगितलं : चेंगरलेल्या पायांत रक्त अडकून खराब झालेलं असतं, दाब सुटला की ते एकदम अंगात येतं आणि हृदय बंद पाडतं. आम्ही बाकीच्यांनी ते ऐकलं, परीक्षेला लिहिलं आणि विसरलो. मुनीर विसरला नाही. रक्त अडवणं आणि रक्त सोडणं, या दोन गोष्टींमध्ये माणूस कुठं मरतो, हे जन्मभर शोधत बसला. तिथंच आमच्या भांडणाची पायाभरणी झाली म्हणा ना.

कारण मी ज्या शस्त्रक्रिया करते त्यांत नेमकं तेच करावं लागतं. यकृत म्हणजे रक्तानं भरलेला स्पंज. त्याच्यात रक्त यायच्या वाटा दोन, आणि त्या एकाच दोरीसारख्या पदरातून येतात. गाठीसकट यकृताचा मोठा तुकडा काढायचा तर त्या पदराभोवती फीत टाकून ती आवळून धरायची, म्हणजे रक्त थांबतं आणि मला कापता येतं. पण रक्त थांबलं की यकृताचा प्राणवायूही थांबला. म्हणून थोडा वेळ आवळायचं, थोडा वेळ सोडायचं, परत आवळायचं. किती वेळ, ते पुस्तकात दिलेलं आहे. घड्याळ लावायचं, वेळ झाली की सोडायचं. जगभर असंच चालतं आणि बहुतेक वेळा बरं चालतं. मुनीरला तेच मान्य नव्हतं. 'घड्याळ सगळ्यांना एकच हाय बाई, पण लिव्हर ज्याचं त्याचं येगळं. कुणी दारू पिलेला, कुणाचं चरबीनं भरलेलं, कुणाला कॅन्सरची औषधं दिलेली. ते घड्याळाला काय म्हाईत?'

मी म्हणायची, 'अरे पण पेशंटच्या बोटाला चिमटा लावलाय ना तू? त्यात प्राणवायू दिसतोय ना, अठ्ठ्याण्णव?' ऑपरेशनच्या वेळी बोटाला लावतात तो चिमटा आता सगळ्यांना माहीत आहे, करोनानंतर तर तो घरोघरी झाला. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. 'फुडच्या चाकात हवा हाय म्हणून मागचं चाक भरलेलं असतं का, बाई? ते बोटाचं हाय. लिव्हरला विचारलं का कुणी?' सायकल दुकानवाल्याचंच पोर ते. आणि खरं सांगायचं तर या उत्तरावर मला कधी काही सुचलं नाही, म्हणून मी चिडायची.

लिव्हरला विचारायचं यंत्र त्यानं कुठून आणलं, तर हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी इस्पितळानं घेतलेलं एक यंत्र होतं, मेंदूतला प्राणवायू दाखवणारं. कपाळाला चिकटपट्टीसारखा एक सेन्सर लावतात, तो डोळ्यांना न दिसणारा उजेड आत सोडतो, आणि परत येणाऱ्या उजेडावरून आतल्या रक्तात प्राणवायू किती आहे त्याचा आकडा पडद्यावर येतो. हृदयाचे सर्जन सोडून गेले, यंत्र धूळ खात पडलं. मुनीरनं बाहेर कुठं कुठं ते यकृतावर ठेवून बघतात हे वाचलं, इस्पितळाच्या समितीपुढे वर्षभर खेटे घातले, पेशंटच्या नातेवाइकांना एकेकाला बसवून समजावलं आणि एकदाचा तो सेन्सर निर्जंतुक आवरणात घालून माझ्या हातात दिला. 'ठेवा, बाई. जो तुकडा राहणार हाय त्याच्यावर ठेवा.' ठेवला. पडद्यावर आकडा आला. मी फीत आवळली आणि तो आकडा उतरायला लागला... बोटाचा आकडा तिकडे शेजारच्या पडद्यावर नव्व्याण्णव, मजेत. आणि इथं यकृताचा जीव चाललेला. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीबद्दल बोलत होते, ती त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. तो आधीच काय कमी चढून बसला होता!

आणि इथून खरा ताप सुरू झाला. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा तो मोठा दिवा तुम्ही बघितला असेल. त्याचा उजेड सेन्सरवर पडला की आकडा बिघडतो. सेन्सरवर काळं झाकण घालून बघितलं, तरी कडेनं उजेड शिरायचाच. मग मुनीरनं नियम काढला : आकडा वाचायच्या वेळी दिवा बाजूला फिरवायचा. म्हणजे बघा, पोट उघडं आहे, यकृत अर्धं कापलेलं आहे, माझ्या दोन्ही हातांत हत्यारं आहेत आणि पडद्यामागून आवाज येतो, 'दिवा फिरवा, बाई.' अरे, कुठला दिवा फिरवा! मला रक्त कुठून येतंय ते बघू का तुझा आकडा बघू? एकदा मी चिडून म्हटलं, 'तू एक काम कर, तू इकडे ये आणि अंधारात काप.' तो शांतपणे म्हणाला, 'कापायचंच न्हाई, बाई. दोन श्वास हात ठेवा नुसता.' मंगल सिस्टर, आमच्या थिएटरच्या सगळ्यात जुन्या सिस्टर, माझ्याकडे न बघताच दिव्याचा दांडा धरायच्या आणि फिरवायच्या. मग सगळे हात थांबायचे. अर्ध्या उजेडात फक्त यंत्राची टिकटिक. मुनीर आकडा सांगायचा. 'हाय दम, चालू द्या.' किंवा, 'सोडा.'

या 'सोडा'वरून आमची जी भांडणं झाली ती थिएटरच्या भिंतींना पाठ असतील. माझा हिशेब घड्याळाचा. माझ्या मते वेळ बाकी असायची आणि नेमक्या नाजूक जागी तो 'सोडा' म्हणायचा. सोडलं की कापलेल्या जागेतून रक्त यायचं, माझं काम लांबायचं. मी म्हणायची, 'दोन मिनिटं थांब रे.' तो म्हणायचा, 'मी थांबतो बाई, लिव्हर थांबंल का विचारा.' शेवटी मी पाय आपटत सोडायची. हो, पाय आपटत, थिएटरातले बूट घालून. ते पेशंट सगळे घरी गेले. पण त्या 'सोडा'मुळे गेले, की एरवीही गेलेच असते? हे मी त्याला मुद्दाम विचारायची, खिजवायला. तो खिजायचा नाही, पडेल चेहऱ्यानं म्हणायचा, 'तेच तर कळत न्हाई ना, बाई. मास्तर मेले ते दिसलं. वाचलेलं दिसत न्हाई.' त्या वेळी दोन मिनिटं थांबले असते तरी चाललं असतं, असं मी तेव्हाही म्हणायची आणि आजही म्हणते. चुकले-बिकले असं मी काही लिहिणार नाही. त्यालाही ते पटलं नसतं. त्याला माझं कबूल होणं नको होतं, त्याला आकडा पाहिजे होता.

मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टींचा. एका मोठ्या शहरातल्या परिषदेत त्यानं हे सगळं मांडलं. चांगला कोट घातला होता, भाभींनी इस्त्री केलेला. बोलणं संपल्यावर पहिलाच प्रश्न काय आला? 'नांदेडला असल्या शस्त्रक्रिया करता तुम्ही?' सभागृह हसलं. प्राणवायूबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. तो परत आला आणि मला म्हणाला, 'विचारलं बाई त्यांनी, नांदेड कुठं हाय ते.' आणि मोठ्यानं हसला. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्याच्या हसण्याचाही राग येत होता. अरे, चिड ना एकदा तरी! माझ्याशी भांडत होतास ना रोज?

आणि मग लातूरच्या क्लासचा किस्सा. आमच्या भागात भूकंपानंतर घरं उठली आणि त्यांच्या मागोमाग क्लासेस उठले. लातूरला तर गल्लीच्या गल्ली. डॉक्टर होणाऱ्या पोरांचे चेहरे फलकांवर, खाली गुण. मुनीरला एका क्लासनं रविवारी जीवशास्त्र शिकवायला बोलावलं आणि हा गेला. मी म्हटलं, 'काय गरज?' म्हणाला, 'हुशार पोरं हायत बाई, हजारानं बसतात. त्यातल्या चौघांनी तरी विचार केला तर?' काही रविवार तो मोठ्या उत्साहात गेला. मग एका रविवारी त्यानं पोरांना विचारलं, 'यकृताला रक्त किती वाटांनी जातं?' सगळ्या हॉलनं एका सुरात सांगितलं, 'दोन!' हा खूश. 'शाबास. मग दोन्ही वाटा एकदम बंद केल्या तर यकृत किती वेळ दम धरंल? अन् ते कसं कळंल आपल्याला?' पहिल्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, 'सर, हा प्रश्न येत नाही.' येत नाही म्हणजे परीक्षेला येत नाही. त्यानंतर क्लासच्या मालकांनी त्याला चहाला बसवून सांगितलं, 'डॉक्टरसाहेब, पोरांना कन्फ्यूज करू नका.' पुढच्या रविवारपासून मुनीर गेला नाही. हा किस्सा तो सगळ्यांना रंगवून सांगायचा, पोराची नक्कल करून. पण त्या आठवड्यात थिएटरमध्ये तो एकदाही 'सोडा' म्हणाला नव्हता, नुसता आकडा सांगत होता. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं.

ज्या शस्त्रक्रियेपायी मी त्याला शेवटच्या शिव्या लिहिल्या, तिची पेशंटही या क्लासच्याच दुनियेतली. सविताताई माहूरच्या. नवऱ्याचं गडाच्या पायथ्याशी नारळ-प्रसादाचं दुकान. मुलीला डॉक्टर करायचं म्हणून या बाई दोन वर्षं लातूरला एका खोलीत तिच्याबरोबर राहिल्या, डबा करत, पहाटे उठवत. लातूरला अशा आया घरोघरी आहेत. त्यांचं स्वतःचं काही नसतं, सगळं पोरीच्या परीक्षेनंतर. सविताताईंचं पोट दुखायचं, भूक गेली होती, वजन उतरलं होतं. 'पोरीचा पेपर होऊ द्या' म्हणत गोळ्या खात राहिल्या. पेपर झाला आणि माझ्यापुढं आल्या तेव्हा यकृताचा उजवीकडचा बहुतेक भाग गाठीनं व्यापलेला होता. राहणार होता तो डावा तुकडा, आणि तोही काही फार धडधाकट नव्हता. मुनीर त्यांना तपासायला गेला. पलंगाशी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, 'ताई, बाई कापणार. त्यांचा हात चांगला हाय, तोंडाकडं बघू नका. अन् मी काय करणार, तुमच्या लिव्हरला विचारत बसणार, दम हाय का? ते न्हाई म्हणलं की बाईला थांबवणार.' सविताताई हसल्या. दाखल झाल्यापासून पहिल्यांदा हसल्या, असं मुलगी म्हणाली.

सेन्सर एकदाच वापरायचा असतो आणि नेमका संपला होता. मागवलेला वाटेत अडकला होता. या पेशंटचं राहणारं यकृत नाजूक आहे, घड्याळावर मी भूल देणार नाही, हे त्याचं म्हणणं. आणि गाठ वाढतेय, थांबता येत नाही, हे माझं. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर चिडायची गोष्ट आहे. एक जण चुकत असता तर भांडण मिटलं असतं.

फोन आला त्याच दिवशी मी उदगीरला गेले. घरी पोचले तोवर गल्ली भरलेली. जनाजा उठला, पुरुष गेले, मी बायकांच्यात भाभींजवळ बसले. रीत आहे, मला ती माहीत होती. पण इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे उभी राहिलेली मी, मूठभर माती द्यायला जाऊ शकत नाही, हे आतून लागलंच. भाभी माझा हात धरून म्हणाल्या, 'बाई, तुमच्याशी भांडण झालं ना, त्या दिवशी ते लई जेवायचे. घरात शिरले की कळायचं मला. एक भाकर जास्त टाकायची मी.' मी हसायला गेले आणि माझं मला आवरेना. आसपासच्या बायका सरकून बसल्या, कुणीतरी पाणी दिलं. हे मला आधी का नाही सांगितलंत, एवढंच मला म्हणता आलं.

नांदेडला परतले तर व्यवस्थापकांचा आधी दुखवटा आणि लगेच पुढचा प्रश्न. 'मॅडम, डॉक्टरसाहेबांचं ते मशीन आता स्टोअरला टाकू का? जागा अडते.' मी काय उत्तर दिलं ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही. यंत्र जागेवर राहिलं. दोन दिवसांनी पुडकं आलं. वर नाव त्याचंच, आत सेन्सर. उशिरा यायचं तर इतकं नेमकं उशिरा का यावं...

सविताताईंना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तर म्हणाल्या, 'अन् ते लिव्हरला विचारणारे डॉक्टर? आले न्हाईत परत?' खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्याबद्दल खोटं तोंडातून निघेना. 'वारले, ताई. शुक्रवारी.' मुलीनं त्यांचा हात धरला. मग सविताताईंनी अगदी हळू विचारलं, 'मग आता कोण विचारणार?' आणि मला उत्तर माहीत नसलं की मी जे करते तेच केलं. 'विचारेल कोणीतरी. झोपा आता,' असं खेकसून बाहेर आले. सत्तावीस कामं होती आणि मला एकही आठवेना.

नवीन भूलतज्ज्ञ डॉक्टर श्रद्धा. लातूरच्याच क्लासमधून वर आलेली, हुशार, हात सफाईदार, बोलणं मोजकं. मुनीरबरोबर तिनं महिनाभरच काम केलं होतं. मी तिला आदल्या दिवशी यंत्र समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मॅडम, हे नियमावलीत आहे का?' झालं. माझा पारा चढला. मी मुनीरला मनातल्या मनात म्हटलं, घे, बघ, हाही प्रश्न येत नाही.

शस्त्रक्रिया सुरू झाली. सेन्सर मीच राहणाऱ्या तुकड्यावर ठेवला. फीत आवळली, कापायला लागले. काही वेळ सगळं गुळगुळीत चाललं, आणि माझ्या लक्षात आलं की कानाला काहीतरी कमी पडतंय. पडद्यामागून कोणी बोलतच नव्हतं. तेवढ्यात दिवा हलला. मंगल सिस्टरांनी, कुणीही न सांगता, दांडा धरून दिवा बाजूला फिरवला होता. वेळ झाली की हात आपोआप गेला असणार. सगळे थांबलो. अर्धा उजेड, टिकटिक, आणि आकडा सांगायला कोणी नाही. सिस्टर दांडा धरून तशाच उभ्या, मास्कच्या वर डोळे भरलेले. शेवटी श्रद्धा म्हणाली, 'मॅडम, ऑक्सिजन नव्व्याण्णव आहे.'

'बोटाचं नको सांगू ग,' मी म्हटलं. ओरडले नाही. 'यकृताला विचार.'

ती तिच्या जागेवरून उठली आणि मुनीरच्या यंत्रापुढे गेली. आकडा वाचला. खाली गेला होता, पण तेवढा जातोच. पहिल्यांदा सोडलं तेव्हा तिनं परत दिवा फिरवायला लावला, स्वतःहून. आकडा वर यायला हवा होता, तो आला, पण रेंगाळत आला. ती परत आपल्या जागी गेली नाही. तिथंच उभी राहिली. दुसऱ्यांदा आवळलं. मी अगदी शेवटच्या, नाजूक जागेवर होते. घड्याळाप्रमाणे वेळ बाकी होती. दिवा फिरला, आणि पडद्यामागून आवाज आला, जरासा कापरा : 'मॅडम... सोडा. याला दम नाहीये.'

'दोन मिनिटं थांब' हे माझ्या ओठांवर आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. तोंड उघडलंसुद्धा. आणि पुढचं जे यायला हवं होतं, 'मी थांबतो बाई, लिव्हर थांबंल का विचारा,' त्याची मी वाट बघत राहिले. ते काही आलं नाही. मी फीत सोडली. एका शब्दानं न भांडता, पाय न आपटता. रक्त आलं, ते दाबून धरलं, वेळ लागला, पण झालं. दुपार कलता कलता सविताताई जाग्या झाल्या आणि मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, 'विचारलं बरं का, ताई.' त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं. पुढे त्या चालत घरी गेल्या, आता माहूरला दुकानावर बसतात म्हणे. ते 'सोडा' ऐकल्यामुळे, की एरवीही बसल्याच असत्या? मुनीर, तू असतास तरी तुला सांगता आलं नसतं, माहीत आहे मला.

त्या दिवशी मी घरी लवकर आले. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, मनासारखी झाली होती. हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं, ज्वारीची गरम भाकर होती, मी बसले आणि घास उतरेना. आधी कळेना, काय झालंय. मग कळलं. दिवसभरात कुणाशी भांडणच झालं नव्हतं.